भिंगरी, मी आणि माझी शिट्टी

होळीनंतरच्या रविवारी आम्ही भिंगरीला राहात्याला कायमचं सोडायला निघालो होतो. डिकीत तिचं अंथरूण, तिचं ताट, तिचा फाटका बॉल... आणि मागच्या सीटवर ती स्वतः, शेजारून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवर डोळे रोखून.

भिंगरी म्हणजे आमची दीड वर्षाची बॉर्डर कॉली. ही जात मेंढ्या राखणारी, हे मी वाचलं होतं... पण मी शाळेत पीटी शिकवते. एकोणीस वर्षं सातवी-आठवीच्या पोरांना दमवणारी बाई एका कुत्रीला दमवू शकणार नाही? छे!

रोज पहाटे पाच किलोमीटर. संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर चकरा. एक लांब शिट्टी म्हणजे पळ, दुसरी म्हणजे आणखी जोरात... दोन महिन्यांत ती इतकी फिट झाली की पाच किलोमीटर तिला पुरेनात. गुडघे माझे बोलायला लागले.

उरलेली ताकद ती केडगावच्या आमच्या सोसायटीत वापरायची. मुलं खेळायला उतरली की ही वाकून, नजर रोखून, सगळ्यांना पार्किंगच्या एका कोपऱ्यात गोळा करायची. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो. मग एक दिवस खालच्या मजल्यावरची पाच वर्षांची ओवी घोळक्यातून सुटून पळाली, आणि भिंगरीने तिची टाच धरली.

दात लागले नव्हते. डॉक्टरांनीही बघून काही नाही म्हणून सांगितलं. पण ओवी आठ दिवस खाली खेळायला आली नाही... तिची आई भांडली असती तर बरं वाटलं असतं, ती नुसतीच दार लावून घ्यायची.

संदीप, माझा नवरा, म्हणाला, आता पुरे. त्याच्या मित्राची राहात्याला पेरूची बाग आहे, भोवती तारेचं कुंपण आहे, तो ठेवून घ्यायला तयार होता. मी हो म्हणाले. आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, हेही सांगून टाकते.

तर त्या रविवारी राहुरीच्या अलीकडे भिंगरीचे पाय मोकळे करायला गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला कांदा काढलेलं रान होतं आणि त्यात मेंढ्या चरत होत्या. शंभरेक तरी असतील... मला काही कळायच्या आत पट्टा हातातून निसटला.

मी काय केलं असेल? शिट्टी वाजवली. हातच आपोआप गळ्याकडे गेला. आणि माझ्याच शिकवणीप्रमाणे भिंगरी आणखी जोरात पळाली. मी दुसरी वाजवली... ती बाणासारखी सुटली. मेंढ्या सैरावैरा पळायला लागल्या.

बांधावरून एक धनगर मावशी काठी घेऊन धावत आल्या. "ओ बाई, ती शिट्टी बंद करा! माज्या मेंढ्या गाभन्या हायत!"

मी ओरडत भिंगरीच्या मागे पळायला लागले तर मावशींनी माझा दंडच धरला. "पळू नगा तिच्यामागं. एका जागी गप हुभं ऱ्हा."

गप उभं राहायचं... मला! पण राहिले.

आणि भिंगरीचा वेग कमी झाला. लांबून एक मोठा वळसा घेऊन ती कळपाच्या मागे गेली, वाकली, हळूहळू पुढे सरकायला लागली. विखुरलेल्या मेंढ्या एकेक करत जवळ आल्या. थोड्या वेळाने सगळा कळप माझ्यासमोर उभा होता आणि त्याच्या मागे भिंगरी पोट टेकून बसली होती, माझ्याकडे बघत. इतकी शांत मी तिला झोपेतसुद्धा पाहिली नव्हती.

मावशींनी सगळ्या मेंढ्यांमधून फिरून हात लावून पाहिलं. सगळ्या ठीक होत्या. मी माफी मागितली, चार वेळा मागितली... त्या अजून रागातच होत्या, पण बघत होत्या भिंगरीकडे.

"रोज किती पळवता हिला?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं.

"पळवून काय हुतंय बाई? तिला पळायचं न्हाई, तिला राखायचं हाय. आन् राखून आनलेलं घ्यायला कुनीतरी हुभं पायजे का नको?"

संदीपने गाडी घराकडे वळवली. मित्राला फोन करून सांगितलं, पेरू खायला नंतर येतो.

आता दोन महिने होऊन गेले. सोसायटीच्या मागे जाधव मामींच्या सात शेळ्या आहेत. पहिले पंधरा दिवस भिंगरीला लांब दोरी लावून शिकवलं, आता रोज संध्याकाळी ती त्या सातही शेळ्या माळावरून घरी आणते. गोठ्याचं फाटक उघडायला ओवी असते, आईचा हात धरून. घरी आली की भिंगरी जेवते आणि पंख्याखाली घोरत पडते. (ही जात घ्यायचा विचार असेल तर आधी घरात शेळ्या आहेत का ते बघा, एवढंच सांगेन.)

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुमचा तळ आता कुठे पडलाय, तेही माहीत नाही. ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तरी लिहितेय...

संध्याकाळी मी शिट्टी खिशात ठेवते आणि तुम्ही सांगितलं तशी फाटकापाशी गप उभी राहते. ती सगळ्यांना घेऊन बरोबर माझ्याकडे येते.