भूमिकासंघर्षाचं उदाहरण

भेंडी चिरताना ती व्याख्या म्हणायची. रिक्षावाल्याला ‘आप’ म्हणायची आणि भाडं मात्र कमीच करून घ्यायची. पोळ्या नोटांसारख्या मोजायची. मराठी वाक्याच्या शेवटी ‘अच्छा’ लावायची. उत्तर चुकलं की चष्मा काढून पुसायची. माझ्यासमोर तिचा चष्मा फार स्वच्छ राहत असे.

नयनाताई आलमबागेत आमच्या शेजारी राहायची. हजरतगंजातल्या एका बँकेत क्लार्क होती. नागपूरला समाजशास्त्रात एम.ए. केलं, मग लग्न होऊन लखनौला आली. संध्याकाळी दहावीच्या मुलांना सामाजिक शास्त्र शिकवायची. त्या मुलांत मीही बसायचो. मी साहित्यात बी.ए. झालेला; शिक्षकभरतीच्या परीक्षेत नेमक्या याच पेपरात नापास झालो होतो. ‘समाज म्हणजे काय?’ या प्रश्नाला मी समुद्राची उपमा दिली होती.

“समुद्र जागेवर ठेव,” ती म्हणाली. “आधी व्याख्या, मग उदाहरण. अच्छा?”

बँकेत ऑफिसर झालं की बदली ठरलेली. म्हणून तिथल्या बऱ्याच बायका प्रमोशनला लेखी नकार द्यायच्या. नयनाताईनेही पूर्वी दिला होता. मार्चमध्ये पुन्हा पत्र आलं. या वेळी गोरखपूर. माझी परीक्षा एप्रिलात. तिने जाऊ नये असं तिच्या घरच्यांपेक्षा मलाच जास्त वाटत होतं.

रविवारी तिने विचारलं, “सुजय, भूमिकासंघर्ष सांग.”

तिच्या सासूबाई, लीलावतीबाई, मटार सोलत होत्या. मी उभा राहिलो.

“एकाच व्यक्तीच्या दोन भूमिकांच्या अपेक्षा एकमेकींच्या आड येतात, तेव्हा भूमिकासंघर्ष होतो. उदाहरणार्थ, नयनाताई. बँकेत तिला ऑफिसर व्हायचंय. घरी ती सून आहे, आई आहे. म्हणून ती नकार कळवते. याही वेळी कळवेल.”

“भैया, मम्मी को एग्ज़ाम्पल मत बनाओ,” तिची मुलगी जुई म्हणाली.

“बरोबर आहे त्याचं उत्तर,” नयनाताई म्हणाली. चष्मा तिने काढला नाही.

लीलावतीबाईंचे हात थांबले. “तुला व्हायचंय? मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या सुनेला बढतीत रस नाही.”

“कोणी विचारलं नाही, आई.”

“तू तरी सांगायचंस. जुईचा डबा काय मला जमणार नाही? सदाशिवला वाढवलाच की मी. अगदीच वाया गेला नाही.”

ताईचे यजमान सदाशिवराव पेपराआडून म्हणाले, “शनिवारी सुटी घेऊन येता येईल. गाड्या आहेत.”

“ताई, गोरखपूरला डास फार आहेत,” मी म्हणालो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

सोमवारी तिने होकार कळवला. आयुष्यात पहिल्यांदा मी व्याख्या आणि उदाहरण दोन्ही बरोबर दिलं आणि शिकवणारीच गमावली. साहित्यात याला काय म्हणतात ते मला येतं. पेपरात ते विचारत नाहीत.

काल ती निघाली. सामान दाराशी होतं तरी तिने मला बसवलं. मागणी आणि पुरवठा राहिला होता. किंमत वाढली की मागणी का घटते, ते तिने बटाट्यांवर समजावलं आणि एक उतरती रेघ काढली. मग पुरवठ्याची रेघ काढायला घेतली. बाहेर रिक्षा आली.

“ही वर जाते,” ती उठत म्हणाली, “कारण...”

सदाशिवरावांनी ट्रंक उचलली. जुई रडायला लागली. ताई तिच्याकडे वळली.

रेघ अर्धीच आहे. पेपर मंगळवारी आहे.