राम तिसऱ्या मजल्यावर

होळी झाली की तंजावरच्या आम्हा मराठी घरांमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो. "यंदा राम कुणाकडे?" विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, मलाही असतं, पण विचारायची पद्धत आहे म्हणून ते विचारतात आणि सांगायची पद्धत आहे म्हणून मी सांगते. आमच्याकडे. मग पलीकडून "वा वा!" येतं. त्या "वा वा"मध्ये सुटल्याचा श्वास किती आणि भक्ती किती, हे मला आता आवाजावरून कळतं.

आमचा राम म्हणजे नारळ. रामनवमीला दुपारी बाराच्या सुमाराला एक सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ कुंची घालून पाळण्यात निजवतात. माझे सासरे, म्हणजे मामंजी, दोरी ओढत पाळणा म्हणतात. गाणं संपलं की तो नारळ उचलून एका बाईच्या पदरात घालतात. ज्या घरची ती बाई, त्या घरी पुढच्या वर्षी उत्सव. नारळ तोवर तिच्या देवघरात राहतो, वर्षाखेरीस हलवला की आतला गोटा खुळखुळतो, आणि नवा राम पाळण्यात गेला की जुना प्रसादाला फुटतो.

पूर्वी राम घरोघरी फिरायचा म्हणतात. मी सून म्हणून आले तेव्हाही थोडा फिरत होता. पुढे कोणी चेन्नैला गेलं, कोणी मुलांकडे परदेशी गेलं, आणि उरलेल्या बायकांना पाळण्याच्या शेवटच्या कडव्याला नेमकं हात धुवायला जायचं सुचू लागलं. हातात पळी घेऊन तिथे उभी राहणारी मी एकटीच. पदर रिकामा दिसला की मामंजी नारळ घालून मोकळे. मला वाटायचं, हा मान आहे. असं वाटण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

मी शाळेत गणित शिकवते. रामनवमीच्या आसपासच दहावीचे पेपर तपासायला येतात. एकीकडे पेपर, एकीकडे पानकमसाठी, म्हणजे गुळाच्या पन्ह्यासाठी, गूळ किसणं, कोसंबरीची डाळ भिजवणं, आचाऱ्याच्या मागे लागणं, आणि पाळण्याची गाणी तमिळ लिपीत छापून आणणं, कारण आमच्यात देवनागरी वाचणारी माणसं थोडी. मला येते, म्हणून मराठी लिहायचं काही निघालं की ते माझ्याकडे. नवरा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत आहे. त्याला काही काम सांगितलं की तो म्हणतो, "पाक्कलाम." म्हणजे बघू. म्हणजे नाही.

या वर्षी संक्रांतीलाच मी ठरवलं, आता पुरे. पाठ दुखते, चिडचिड होते, आणि मागच्या वर्षी पाळणा चालू असताना मी उभ्या उभ्या डुलकी घेतली होती. लोकांना वाटलं, तल्लीन झाली. एका म्हातारीने तर मला नमस्कार केला.

मेडिकल कॉलेजच्या बाजूला माझी एक पुतणसून राहते. नवीन संसार, घरूनच कंप्युटरवर काम करते, मराठी कळतं पण बोलताना मध्येच तमिळमध्ये घसरते. तिला मी भीत भीत विचारलं.

"घेते की काकू! आमच्या घरी अजून काहीच कार्य जाहलं नाही. फक्त चटणी काय, पचडी काय, अस्कं, सगळं तुम्ही सांगायचं."

इतक्या चटकन ती हो म्हणाली की मला शंका आली, हिला प्रश्न नीट कळला ना? पुन्हा विचारलं. पुन्हा हो. मी घरी आले ती जवळजवळ नाचतच, माझ्या वजनाला शोभेल इतपत.

एकच गोष्ट होती. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. आणि मामंजींचे दोन्ही गुडघे गेलेले. ते आमच्या तळमजल्यावरून फक्त दारातल्या खुर्चीपर्यंत जातात. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं तेव्हा म्हणाले, "रामाला चाललंय तोवर मला चालेल." वर्षभर ते कुठेही जात नाहीत, लग्नाला नाही, बारशाला नाही. वर्षातून एक दिवस सगळं गाव त्यांच्याकडे येतं, आणि त्या दिवशी त्यांच्या आवाजाशिवाय राम जन्मत नाही. हे मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं, चार पोरं खुर्चीत बसवून वर नेतील. आणि मामंजींना काहीच सांगितलं नाही. पाक्कलाम मलाही येतं.

रामनवमीच्या सकाळी पुतणसून नऊवारी नेसून आली, वाकून पाया पडली आणि आनंदाने म्हणाली, "आजोबा, पुढल्या वर्षी राम आमच्या घरी! तुम्ही यायचं हां, पाळणा तुम्हीच म्हणायचा."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळीत लिंबू पिळत होते, आणखी एक लिंबू पिळलं.

"कितव्या मजल्यावर गे तुझं घर?"

"तिसऱ्या. छान वारा येतो."

"येत असेल," ते म्हणाले. एवढंच.

थोड्या वेळाने मी चार पोरांची आणि खुर्चीची गोष्ट काढली. "मला काय उत्सवमूर्ती समजलीस, खांद्यावरून मिरवायला?" म्हणाले आणि पाळण्याला फुलं बांधू लागले.

माणसं जमली. पापनाशमची आली, नागपट्टणमची आली. नागपट्टणमच्यांनी दरवर्षीप्रमाणे आमच्या उकाड्याला नावं ठेवली आणि आपल्या समुद्राच्या वाऱ्याचं कौतुक केलं, जणू तो त्यांनीच बसवून घेतलाय. जन्म झाला, गुलाल उडाला, आणि मामंजींनी दोरी हातात घेतली.

रामाचा पाळणा म्हटला. शेवटचं कडवं आलं, बायका हात धुवायला उठल्या. पुतणसून पदर पसरून पुढे झाली. तिला पाहून उठलेल्या बायका पुन्हा बसल्या, आता धोका नव्हता. कडवं संपलं. मामंजींनी क्षणभर श्वास घेतला आणि कृष्णाचा पाळणा सुरू केला.

लोकांनी चाळत चाळत पानं उलटली. कृष्णाचा आमच्या कागदात नव्हताच. ज्यांना पाठ होता ते म्हणू लागले, बाकीचे ओठ हलवू लागले. तो संपला तर तिसरा, मुलींच्या बारशाला म्हणतात तो. मग असा एक, जो मी कधीच ऐकला नव्हता, बहुतेक त्यांच्या आईचा असावा. दोरी थांबेना. आचारी दारातून डोकावून गेला. पंखा होता, पण तो आमच्या दिशेने फिरतच नव्हता. पुतणसुनेचे पसरलेले हात दुखायला लागले असणार, पण पोरगी हलली नाही.

नागपट्टणमचे एक काका न राहवून ओरडले, "तात्या, बारसं जाहलं! आता मुंजही पाळण्यातच लावता काय?"

सगळे हसले. तात्या म्हणजे मामंजी हसले नाहीत. त्यांचा आवाज फाटायला लागला होता, तरी ते ओढत होते. खरं काय चाललंय ते त्या खोलीत दोघांनाच कळत होतं, आणि त्यातली दुसरी मी होते. गाणं संपलं की राम जाणार, म्हणून गाणं संपत नव्हतं.

माझ्या मनात आलं, पुढे व्हावं आणि आपलाच पदर पसरावा. सवयीने हात पदराकडे गेलाही. मग पाठीतून कळ आली आणि मी पदर कमरेला खोचला. जवळ जाऊन पाळण्याची कडा धरली.

"मामंजी, पानकम गरम होतंय."

"झोपला नाही तो अजून."

"झोपेल. तिकडे जाऊन झोपेल."

त्यांनी दोरी सोडली. नारळ उचलला, कुंची सारखी केली, आणि पुतणसुनेच्या पदरात घातला. "उन्हात नेऊ नकोस," तिला म्हणाले. "तडकतो."

सगळे जेवून गेले. दुपारी घरात नुसती भांडी आणि मामंजी. ते आडवे झाले नाहीत, खुर्चीतच बसून होते. देवघरात नारळाची वाटोळी जागा रिकामी होती. तिथे धूळ नव्हती, बाकी सगळीकडे होती, आणि ती पुसायचंही मला त्राण नव्हतं. सुटलं एकदाचं, असं मी मनात म्हणून पाहिलं. हवं तसं वाटेना. बहुधा दमल्यामुळे असेल.

"तिच्या जिन्याला कठडा आहे?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"आहे."

"कुठल्या बाजूला?"

मी डोळे मिटून तो जिना चढून पाहिला. "चढताना डावीकडे."

"हं," म्हणाले.

नंतरच्या आठवड्यात एकदा पेपरांचा गठ्ठा घेऊन संध्याकाळी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी. हाका मारल्या तर उत्तर गच्चीच्या जिन्यातून आलं. मामंजी दुसऱ्या पायरीवर उभे, घामाने भिजलेले, डावा तळवा भिंतीला चिकटवलेला.

"मामंजी! कठडा सोडून भिंत काय धरलीत?"

"आपला उजवीकडे आहे. तिचा डावीकडे आहे म्हणालीस ना? डाव्या हाताची सवय करायला नको?"

गठ्ठा खाली ठेवला, पदर खोचला आणि त्यांच्या मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. ते पडले तर मी त्यांना कशी सावरणार होते, रामच जाणे. दोघेही खाली आलो असतो, एवढंच.

"तू कशाला येतेस?" मागे न वळता ते म्हणाले. "तुझं तर सुटलं सगळं."

"सुटलं हो," मी म्हटलं. "चढा."