उणे बावीसची चाचणी

ऑफिसात त्यांना सगळे ध्रुवताई म्हणतात. नाव कुणीतरी थट्टेनं ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गेली अकरा वर्षं एका प्रवास कंपनीत त्या एकच काम करतात: उत्तर ध्रुवाकडच्या हिवाळी रानसहलीची आखणी. पंधरा माणसं, नऊ दिवस, उणे तीस. तिथं त्या दिवसांत सूर्य उगवत नाही, दुपारी दोन तास निळसर उजेड तेवढा असतो. कुत्र्यांच्या गाडीवरून एका लाकडी झोपडीतून दुसरीत जायचं, बर्फ वितळवून प्यायचा. ताईंना हे सगळं तोंडपाठ. चष्म्याची कडा धातूची नको, गालाला चिकटते. पेन नको, शाई गोठते, पेन्सिल घ्या. अंगालगत सुती काही नको. मोबाइल आतल्या खिशात, पोटाशी. स्वतः ताईंनी बर्फ पाहिला होता तो घरच्या फ्रीजमधला.

"पैसे भरून लोक फ्रीजमध्ये बसायला जातात," त्यांचे यजमान म्हणत. ते लेथवर काम करून निवृत्त झालेले, त्यांना गार काय नि गरम काय, सारखंच. "आणि तू त्यांना दार उघडून देतेस."

"एकदा मीही बसून येणार आहे, अहो."

"ये की. जाताना दुधाचं पातेलं तेवढं बाहेर काढून ठेव."

यंदा ते खरं होण्याची वेळ आली. प्रत्येक तुकडीमागं तिकडची मंडळी कंपनीच्या एका माणसाला फुकट नेतात. आजवर त्या जागेवर मालक जात, म्हणजे ज्यांना सगळे साहेब म्हणतात ते. या वर्षी साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते म्हणाले, "यंदा तुम्ही जा, ताई." ताईंनी पासपोर्ट काढला. लोकरी मोज्यांचे दोन जोड आणले आणि सवय व्हावी म्हणून पंख्याखाली, टेबलाआड पायांत चढवून बसू लागल्या.

राहिली होती फक्त चाचणी, आणि ती ताईंनीच सुरू केलेली. सहा वर्षांपूर्वी एक पाहुणा दोन बोटांची टोकं तिकडंच ठेवून परत आला. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला गावाबाहेरच्या शीतगृहात न्यायचं. गोठवलेला वाटाणा आणि मासे ठेवतात तिथली एक खोली उणे बावीसवर असते. पूर्ण पोशाख चढवून वीस मिनिटं खोक्यावर बसायचं, मग जाड हातमोजा काढून, पातळ मोज्यानिशी कुत्र्याच्या पट्ट्याचं बक्कल लावायचं. बाहेर आल्यावर ताई बोटं बघत. पांढरी पडलेली बोटं दहा मिनिटांत लाल झाली नाहीत, तर जाणं रद्द. नियम त्यांच्याच अक्षरात दाराशी चिकटवलेला होता. त्या नियमानं त्यांनी अकरा जणांना घरी बसवलं होतं. एक निवृत्त मास्तर तर रडले. "मास्तर, बोटं तुमची असली तरी जबाबदारी माझी," असं म्हणून ताईंनी त्यांच्या नावावर काट मारली होती. त्यापायी ताईंची झोप वगैरे उडाली नव्हती. काट मारलेल्यांपैकी तिघांना साहेबांनी परत यादीत घेतलं: एक बिल्डर, त्या बिल्डरचे भाऊ आणि एक सराफ. "मोठी माणसं आहेत, ताई. सांभाळून घ्या."

सहा वर्षं ताई घड्याळ घेऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत बसण्याचं त्यांना कधी कारण पडलं नाही. आपल्या बोटांचं काय होईल, हा प्रश्न शेकडो जणांना विचारणाऱ्या बाईला स्वतःला विचारावासा वाटला नाही. यंदा मात्र पूर्ण पोशाख चढवून त्याच आत खोक्यावर जाऊन बसल्या.

बक्कल लागलं. पण बाहेर येऊन मोजा काढला तर उजव्या हाताची तीन बोटं मेणबत्तीसारखी. त्यांनी ती काखेत धरली, चोळली. शीतगृहाचा रखवालदार घड्याळ बघत होता. अठराव्या मिनिटाला रंग आला.

"दहा लिहा," रखवालदार म्हणाला. "माझं घड्याळ तसंही धावतं पुढं."

ताईंनी अठरा लिहिलं. हा काही प्रामाणिकपणाचा झटका नव्हता. तिघांसाठी साहेबांनी जे केलं तेच आपल्यासाठीही करतील, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय 'तुम्हालाही सांभाळून घेऊ' हे साहेबांच्या तोंडून ऐकायचंही होतं.

साहेबांनी कागद वाचला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चाचणीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"अठरा?"

"हो."

"नियमात किती आहे?"

"दहा. बिल्डरसाहेबांना बावीस लागली होती. त्यांना पाठवलं आपण."

"ते गिऱ्हाईक, ताई. तुम्ही घरच्या. घरच्या माणसाच्या बोटांशी मी खेळू?" त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "आणि नियम तुमचा. तो मोडणारा मी कोण?"

ताई उठल्या. त्या दारापर्यंत गेल्यावर साहेब म्हणाले, "जागा वाया नको जायला. माझे साडू केव्हाचे मागं लागलेत. त्यांची फाइल करून टाका. चाचणीचं लिहून टाका तुम्हीच, त्यांना कुठं त्या माशांच्या वासात बसवता."

चाचणीच्या कागदावर ताईंची सही नसेल तर तिकडचे लोक कुणालाही गाडीवर घेत नाहीत. म्हणजे एक सही अडवली असती तर साडूही अडले असते. हे ताईंना कळत होतं. सकाळच्या चहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोरा कागद त्यांच्यापुढं होता. नोकरीला सहा वर्षं उरली होती आणि यजमानांची पेन्शन दोघांना पुरणारी नव्हती. मग त्यांनी लिहिलं: वीस मिनिटं पूर्ण. बक्कल लागलं. रंग चार मिनिटांत. स्वतःसाठी अठराचे दहा करू न शकलेल्या बाईचं अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं. खाली सही केली.

दुपारी साडू आले. ऐसपैस माणूस, बोलका. खुर्ची ओढून बसले.

"ताई, तुम्हीच येणार होतात म्हणे. साहेब म्हणाले, तुम्हाला थंडी सोसत नाही."

"हो," ताई म्हणाल्या. "हातमोज्यांचं माप सांगा."

"मोठं."

ताईंनी 'मोठं' लिहिलं आणि बुटांचं माप विचारलं.