'हो' म्हटलं की हात थांबायचा

बेळगावातल्या एका फौंड्रीत नव्या कामगारांना ओतकाम शिकवायचं यंत्र मी बनवलं, तेव्हा मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता. मानसशास्त्र शिकलेली बाई कारखान्यात काय दिवे लावणार, असं म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं. यंत्र साधं. लेडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या पळीत, लोखंडाच्या रसाऐवजी पाणी, खाली खोटा साचा. धार बरोबर पडली की त्याच क्षणी माझ्याच आवाजात शाबासकी: "हो... हो..." बरोबर कृतीला लगेच दाद मिळाली की तिची सवय लागते, हे मी शिकले होते आणि मनापासून मानतही होते.

जांबोटीकडच्या एका शेतकरी अण्णांनी माझी जिरवली. चाळिशी ओलांडलेले, आयुष्यातली पहिलीच नोकरी. धार सुरेख लागायची, यंत्र "हो" म्हणायचं आणि अण्णांचा हात तिथंच थांबायचा. ओतताना मध्येच थांबलं की रस थिजतो आणि मालात सांधा राहतो, तिथूनच तो पुढं तुटतो.

"ह्यास्नी न्हाय जमायचं," फोरमन म्हणाले. "शनवारी खरा रस वतू द्या. चुकलं तर गावाकडं."

शुक्रवारी सकाळी मी चिडलेच. "अण्णा, मी हो म्हणते आणि तुम्ही थांबता कशाला?"

ते ओशाळले. "म्याडम, हो म्हटल्यावर थांबायचंच की. बैलं थांबत्यात, तसा हात बी थांबतोय. जलमभर औत हाकलंय."

मी कपाळावर हात मारला. बेळगाव शहरातल्याच अनगोळात वाढलेली मी, कासरा कधी हातात धरलाय? माझी शाबासकी त्यांच्या हाताला 'थांब' अशी ऐकू येत होती. जुनी सवय नव्या शिकण्याच्या आड येते, हा धडा तर माझा तोंडपाठ होता! लाज वाटली. तिथल्या तिथं आवाज बदलला: "व्हय, व्हय." संध्याकाळपर्यंत अण्णा साच्यामागून साचे भरत राहिले, एकदाही न थांबता.

शनिवारी यंत्र नव्हतं, खरा लालभडक रस होता. अण्णांनी लेडल वाकवली. साचा भरेपर्यंत धार तुटली नाही. माल निवल्यावर फोरमननी साचा फोडला, बोट फिरवून सांधा शोधला आणि सापडेना तेव्हा म्हणाले, "लई झकास. ऱ्हावू द्या ह्यास्नी." मी चक्क शिट्टी मारली, भर कारखान्यात, सगळ्यांदेखत.

अण्णांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला. "ऐकलंस का गं," म्हणाले. मग एकदम ओरडले, "ठेवून घेतलं गं मला!"