जुनी कावीळ

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावर मी तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडे मुकादमाची नोकरी मागायला गेलो. "मधले चार-सहा महिने कुठं हुतास?" मालकांनी विचारलं. खरं सांगितलं तर नोकरी मिळत नाही, म्हणून म्हटलं, "कावीळ झाली हुती."

आमच्या भागात कावीळ सांगणं हा शुद्ध गाढवपणा, कारण तिचं औषध देणारे सगळ्यांनाच ठाऊक असतात. "कुणाचं औषध घेतलंस? पलूसचं का उंब्रजचं?"

"दोन्ही."

"आरं, त्या दोघांचं पथ्यच उलटं हाय! खाल्लंस काय मग?" असं म्हणत त्यांनी माझ्यासाठी उसाचा रस मागवला. रसाचा ग्लास हातात आल्यावर मात्र मला खोटं रेटवेना. "मालक, कावीळ न्हाई. दारू सुटायचा उपचार घेत हुतो."

मालकांनी हातातले बेदाणे खाली ठेवले. मग म्हणाले, "रस पी. आन् सोमवारपास्नं ये. दवाखान्याची फेरी असली की सांगून जायचं."

त्या माणसाचे उपकार कसे फेडू? यंदा सौद्यानंतरच्या जेवणात एकानं माझ्यापुढं दारूचा ग्लास सरकवला, तर मालकांनीच तो बाजूला केला.

"त्याला नगं रं. त्याची कावीळ लय जुनी हाय."