कोंब फुटलेला देवमासा

जव्हारहून समुद्र गाडीवाटेनं दोन दिवसांवर, आणि आमच्या आळीतल्या बायकांना तर काशीइतकाच लांब. त्या आळीतल्या बारा बायका एका पावसाळ्यात मांडी घालून लोकरीचे अष्टपाद विणत बसल्या होत्या. हे मी सांगते तेव्हा भाचरं म्हणतात, रचून सांगतेस. रचण्याइतकी अक्कल मला असती तर याहून शहाण्या बायका रचल्या असत्या.

हे खूळ आणलं बाईसाहेबांनी. संस्थानात रस्त्याच्या कामावर मुंबईहून एक इंजिनियर आले होते, त्यांची ही बायको. ताई म्हटलेलं तिला खपत नसे, म्हणून बाईसाहेब. जन्म गिरगावातला, पण घर कडक शाकाहारी, त्यामुळे समुद्र पाहिला तो नुसता किनाऱ्यावरून. त्यातल्या मासोळीचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे एक विलायती पुस्तक होतं. क्रोशाच्या सुईनं लोकरीचे समुद्रातले प्राणी कसे विणावेत आणि त्यांत कापूस भरून ते कसे गुबगुबीत करावेत, याचं. कुठल्या तरी मडमेला थंडीत दुसरा उद्योग नव्हता म्हणून तिनं ते लिहिलं असावं. आमच्याकडे डोक्यावरून पाणी आणायचं, भात निवडायचं, ओलं सरपण फुंकून फुंकून चूल पेटवायची. तरी दुपारी हातातलं काम टाकून बायका बाईसाहेबांच्या ओसरीवर जमायच्या आणि 'सहा साखळ्या, मग मुका खांब' अशी टाक्यांची नावं मंत्र म्हटल्यासारखी पुटपुटायच्या.

बाईसाहेब पुस्तकातली एक ओळ इंग्रजीतून वाचायच्या, मग छताकडे बघायच्या, मग मराठीत काहीतरी सांगायच्या. त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. खेकड्याला पाय किती, हे चित्रावरून ठरलं. चित्रात खेकडा तिरका बसलेला, म्हणून सात. पावसाळ्यात बांधावर ज्यांच्या पायांखालून खेकडे पळतात, अशा गावात बारा बायकांनी सात पायांचे खेकडे विणले आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. मला सगळ्यांचीच चीड यायची. मी अकरा वर्षांची होते आणि जगात शहाणी मी एकटीच, अशी माझी पक्की समजूत होती.

मी तिथं जायचे ते मावशीमुळे. मावशी आईची धाकटी बहीण. नाशकाला दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका पेटीसकट आमच्या दारात आणून सोडलं. पाच वर्षं ती आमच्याकडे होती. माझे वडील दफ्तरात कारकून. वाईट नव्हते, पण मेव्हणीच्या ताटात भात वाढला जाताना त्यांची नजर ताटावर जायची, आणि ती नजर मावशीला दिसायची. त्या वर्षी त्यांनी जाहीर करून टाकलं की मोखाड्याला त्यांचे एक लांबचे चुलते आहेत, बायको वारलेली, चार पोरं, स्वयंपाकाला माणूस नाही. दिवाळी झाली की हिला तिकडे पाठवायचं. मोखाडं इंग्रजी हद्दीत. 'हद्दपार करताय होय तिला?' असं मी जेवताना म्हटलं आणि कानाखाली खाल्ली.

मावशीला मोखाड्याला जायचं नव्हतं. ती फार बोलत नसे, पण हे तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं, दळताना. 'पुन्हा परक्याच्या चुलीपुढं बसायचं आणि हसतमुखानं बसायचं, ते आता माझ्यानं व्हायचं नाही गं.' आणि सुटकेची एकच वाट होती. बाईसाहेबांनी कबूल केलं होतं की जिचे सहाही प्राणी उत्तम होतील, तिच्यासाठी मुलींच्या शाळेत हस्तकामाच्या बाईची जागा करवून घेईन. पगार थोडा, पण शाळेमागची खोली राहायला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आई म्हणाली. पण बाईसाहेबांच्या नवऱ्याचा शब्द वर चालत होता, हेही तितकंच खरं.

आणि मावशीचा हात! ती इंग्रजी सोडाच, मराठीही अडखळत वाचायची. पण चित्राकडे एकदा टक लावून पाहिलं की टाके तिच्या बोटांत उतरायचे. कुठं वाढवायचे, कुठं घटवायचे, तिला सांगावं लागत नसे. बाकीच्यांचे मासे म्हणजे उशा. एकीचा समुद्रघोडा तर हुबेहूब आमच्या शाळेचे मास्तर. ती नक्कल मी वर्गात करून दाखवली, मास्तर नेमके मागे उभे, तक्रार घरी आली आणि वडील म्हणाले, 'आणखी एक तक्रार आली की शाळा बंद. अकरा वर्षांची घोडी झालीय, तशीही पुरे झाली.' हे वाक्य त्या पावसाळ्यात माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं, हे लक्षात ठेवा; मी ते सबब म्हणूनच सांगते आहे.

आता आमच्या घरातला पेच ऐका. मावशीनं देवमाशाचं कातडं विणून पुरं केलं आणि आई दारात आडवी आली. लोकर सोवळ्याला चालते. आई स्वतः धाबळी नेसून स्वयंपाक करायची. मासा मात्र घरात येणं शक्य नाही. मग लोकरीचा मासा सोवळा की ओवळा? 'घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं,' म्हणून आई कपाळाला हात लावून बसली. नावात देव आहे, असं मी सुचवलं. 'मग देव्हाऱ्यात ठेवू का?' ती कडाडली. शेजारच्या दोघी, एक भटजी आणि माझे वडील यांनी या प्रश्नावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. एवढी अक्कल त्यांनी गळक्या छपरावर खर्च केली असती तर आमची अंथरुणं कोरडी राहिली असती. निकाल असा लागला की पोट भरेपर्यंत तो मासा नव्हे, नुसती लोकर. सबब विणकाम घरात करावं, भरणं मात्र गोठ्यात. आणि भरल्यावर त्याला घरात आणू नये.

म्हणून भरण्याचं काम माझ्याकडे आलं. बाईसाहेबांकडची दुपार सोडली तर मावशी दिवसभर आईच्या हाताखाली सोवळ्यात. गोठ्यात जाऊन तिनं मासे भरले असते तर दर वेळी आंघोळ. कापूस बाईसाहेबांनी ज्यांच्या नवऱ्यांशी त्यांच्या नवऱ्याचं जमत होतं त्यांना दिला, आम्हाला 'घरचं काहीतरी बघा' म्हणाल्या. सावरीचा कापूस चैत्रात मिळतो, तेव्हा कुणाला ठाऊक होतं की आषाढात देवमासे जन्मणार आहेत! राहिला भाताचा भुसा. मावशीनं मला नीट समजावलं होतं. 'आधी पाखडून घे. मग चाळ. मग कढईत चांगला भाज, हाताला चटका बसेपर्यंत. विसरू नको हं, माझी बाय.'

गोठ्यात आमच्याकडे भात कांडायला येणारी वारली बाई होती. मी पोत्यातून मुठीमुठीनं भुसा काढून देवमाशात कोंबत होते, ती मुसळ थांबवून बघत राहिली.

'यो काय?' तिनं विचारलं.

'मासा.'

तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला. पहिल्या पुराला ओहोळात झोळी लावून मासे धरणारी ती. 'खवला नाय, कल्ला नाय. यो त भोपला हाय.' मग भुशात बोटं घालून म्हणाली, 'भाजून घे गो बाय. भात हाय यात. पानी लागला का कोम येतील.'

मी हसले. मला सगळ्यांचंच हसू येत होतं तेव्हा. भोपळा म्हणणारी ही, मासा म्हणणारी ती, सोवळं शोधणारी आई. ह्या खुळचट भोपळ्यांसाठी मी चुलीपुढं घाम गाळू? भुसा तो भुसा. सहाही प्राणी मी एका दुपारी भरून टाकले, पाखडलं नाही, चाळलं नाही, भाजलं नाही, आणि टोपलीत घालून बाईसाहेबांकडे नेऊन दिले. संध्याकाळी मावशीनं विचारलं, 'भाजलास ना?' मी म्हटलं, 'हो.'

दसऱ्याला इंजिनियरांकडे कुणी गोरा साहेब मडमेसकट येणार होता. त्या दिवशी ओसरीवर प्रदर्शन. आणि त्याआधी बाईसाहेबांनी पुस्तकातला शेवटचा धडा काढला: तयार प्राणी ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवावेत, म्हणजे आकार बसतो. पुस्तकात एक रात्र लिहिलं होतं म्हणे. पण हस्ताचा पाऊस कोसळत होता, काही वाळत नव्हतं, म्हणून बाईसाहेबांनी एक एक प्राणी ओल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या उबदार फडताळात ठेवला आणि आठ दिवस त्यावर रोज पाणी शिंपडलं. मटकीला मोड आणायची याहून चांगली रीत नाही. घरात स्वयंपाकीण असल्यावर मोड कसे येतात हे बाईसाहेबांना कोण सांगणार!

दसऱ्याच्या सकाळी एकेक फडकं सोडलं गेलं. मांडणी टेबलावर, पांढऱ्या चादरीवर. मडम आली, उंच, हसरी, सगळ्या उशांना 'सुंदर, सुंदर' म्हणत पुढं सरकत गेली. मावशीच्या फडक्यांपाशी आली. बाईसाहेबांनी देवमासा सोडला.

त्याच्या टाक्याटाक्यांतून भात उगवला होता. बोट बोट लांब, फिकट पिवळे कोंब, पाठीतून, पोटातून, डोळ्यांच्या भोकांतून. खेकड्याचे सातही पाय केसाळ झाले होते. तारामासा तर आवणासारखा दिसत होता, उपटून लावणी करावी असा. वास आंबूस.

मडमेला हसू आवरेना. मग साहेब हसला, मग इंजिनियर, मग ज्यांच्या उशांना कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्या अकराही जणी हसल्या. मीही हसले. सवयीनं. मग मावशीकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि ती देवमाशाकडे असं बघत होती जसं दारात टाकलेल्या पेटीकडे त्या दिवशी बघत होती.

बाईसाहेब लाल झाल्या होत्या. पण खरं सांगायचं तर, त्या क्षणी त्या वाईट वागल्या नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्याकडे बरं सांगण्यासारखं एवढं एकच आहे. त्यांनी कोंब बाजूला सारून टाके पाहिले आणि म्हणाल्या, 'विणकाम यांच्याइतकं कुणाचंच नाही. भरलंय कुणी हे? पोरीकडून भरून घेतलं असेल तर तसं सांगा. पोरीची चूक मी तुमच्यावर धरणार नाही.'

वडील दाराशी उभे होते, इंजिनियरांच्या मागे. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी तारामाशाकडे पाहिलं. त्याला पाच पाय होते, मी ते मोजले, मग पुन्हा मोजले. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. शाळा, वडील, कानाखाली, सगळं डोक्यात येत होतं, आणि मी तिसऱ्यांदा पाय मोजायला घेतले.

'मीच भरलं, बाईसाहेब,' मावशी म्हणाली. 'भाजायचं राहून गेलं.'

'मग मुलींना काय शिकवणार तुम्ही?' बाईसाहेब म्हणाल्या आणि पुढच्या फडक्याकडे वळल्या. जागा दुसऱ्या एका कारकुनाच्या भाचीला मिळाली, जिचा खेकडा मांडणीवरच फुसकन उसवला होता. पण आत पांढराशुभ्र कापूस होता.

माझी शाळा चालू राहिली. पुढं मी शिकले, ठाण्याला नोकरी केली, स्वतःच्या पगारावर जेवले, कुणाची नजर माझ्या ताटावर गेली नाही. गेली असती तर मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. बोलण्यात मी कधीच कमी नव्हते, असं सगळे सांगतात.

दिवाळीनंतर चार दिवसांनी दारात बैलगाडी आली. मावशीची तीच पेटी गाडीत चढवली. आदल्या दिवशी तिनं गोठ्यात बसून देवमासा उसवून टाकला होता. भुसा परसात ओतला आणि त्या लोकरीची मला कानटोपी विणून दिली. आळीतल्या बायका निरोप द्यायला आल्या होत्या. आई आत रडत होती. वडील गाडीवानाला रस्ता सांगत होते, जणू त्याला मोखाडं माहीत नव्हतं. मी गाडीच्या मागच्या दांडीला धरून उभी होते. आणि तेव्हा, कुणी ऐकत नसताना, माझ्या तोंडातून शेवटी निघालं.

'मावशी, मी भाजला नव्हता भुसा.'

'ठाऊक आहे,' ती म्हणाली. 'भाजलेला भात उगवत नाही.'

'मग तू तिथं सांगितलं का नाहीस?'

तिनं माझी टोपी कानांवर नीट खाली ओढली. 'तू सांगशील म्हणून थांबले होते गं मी,' ती म्हणाली. 'बराच वेळ थांबले.'