पूजेच्या आधी आलेली डॉक्टर

माझी बायको डॉक्टर आहे आणि मी तिचा ड्रायव्हर. भोपाळच्या जवाहर चौकाजवळच्या एका सरकारी कार्यालयातून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, ती निवांत वाचन करण्यासाठी. बायकोनं दोन दिवस माझं वाचन पाहिलं. ते बहुतेक डोळे मिटून चालायचं. तिसऱ्या दिवशी तिनं स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तिचा दवाखाना पूर्वी पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत होता. आम्ही शाहपुऱ्याला घर घेतलं, तसा तोही आमच्यासोबत इकडे आला. कारखान्यातून निवृत्त झालेले तिचे जुने पेशंट सुरुवातीला बस बदलून इथवर यायचे. मग एकेक करून यायचे थांबले.

"बरे झाले असतील," मी म्हणालो.

"बरे झालेले सांगायला येतात. तेही पेढे घेऊन. बाकीच्यांना बसची पायरी चढवत नसेल, एवढंच." ती म्हणाली. "त्यांना येता येत नाही, तर आपण जाऊ."

'आपण' या शब्दात मी कुठे बसतो ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पुढे मी, मागे ती, आणि माझ्या दोन्ही पायांमध्ये तिची औषधांची बॅग.

ती आदल्या दिवशी फोन करायची, की उद्या येते. इथेच घोटाळा व्हायचा. घरी डॉक्टर येणार, तीही आपली मराठी, म्हणजे आमच्या भोपाळी मराठी माणसांच्या लेखी माहेरवाशीणच येणार. मग सोफ्यावर धुतलेली चादर, रांगोळी, आणि मधोमध न्हाऊन-माखून, पावडर लावून बसलेला पेशंट. एका आजोबांना अंगात ताप असताना इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसवलं होतं. शर्टाची घडी मोडू नये म्हणून ते खोकतही बेतानं होते. शिवाय काही खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. बायकोला घरोघर खाणं शक्य नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ती बाहेर छाती तपासायची आणि मी आत पोहे तपासायचो. माहेरवाशिणीचा नवरा म्हणून मला सगळे 'जावईबापू' म्हणत. चार महिन्यांत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बायको म्हणाली, "वैद्यकीय सेवेत तुमचं योगदान वाढतंय."

या सगळ्यांत एक काकू होत्या. मूळच्या नागपूरच्या. काकांना कारखान्यात नोकरी लागली तेव्हा लग्न होऊन भोपाळला आल्या, त्या इथल्याच झाल्या. काकांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांचं दाढीचं पाणी, पेपर वाचून दाखवणं, हात धरून बागेत नेणं, सगळं काकू करतात. काकूंना शुगर आहे, पण ती बरी सांभाळलेली. आणि त्याच काकूंना सकाळी चक्कर यायला लागली. एकदा त्या ओट्यापाशी बसूनच राहिल्या. एकदा अंगणात पडल्या, आणि त्यांचा आवाज कुठून येतोय तेच काकांना कळेना.

त्यांच्या बंगळुरूच्या मुलानं ठरवून टाकलं. घर भाड्यानं द्यायचं आणि दोघांनी दिवाळीनंतर त्याच्याकडे राहायला जायचं. मुलगा वाईट नाही हो. रोज फोन करतो. पण तो ज्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो, तिथे काकांना खालची बाग कोण दाखवणार? इथे त्यांना गेटपासून कडुनिंबापर्यंतची वाट पायांनी पाठ आहे.

काकू बायकोला म्हणाल्या, "तू मला बरं कर बाई. नाही तर हे तिथं खोलीत बसून जातील वाया."

बायकोनं तपासायचं ते सगळं तपासलं. बसवून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला. बोटातून रक्त काढून शुगर पाहिली, तीही छान. रक्त, लघवी, कान, हृदयाचा आलेख, सगळं झालं. काही सापडेना. आम्ही गेलो की काकू नारायणपेठी नेसून सोफ्यावर टवटवीत बसलेल्या असायच्या, जणू आजारी असलं तर आम्हीच असू.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेते की. तू सांगितलंस तशी, नाश्त्याच्या आधी."

"नाश्ता करता ना?"

"करते बाप्पा! उपाशी का राहीन?"

परत येताना बायको गप्प असायची. स्कूटरवर मागचं माणूस गप्प असलं की गाडी जड होते, हे चालवणाऱ्यालाच कळतं.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात पोहे खात होतो. वर बारीक शेव, ही इथली सवय. काकू मला वाढताना म्हणाल्या, "घ्या जावईबापू, गरम आहेत. तुम्ही येणार म्हणून आज पूजा लवकर उरकली. एरवी दहा वाजून जातात."

मी हे डोक्यात ठेवलं ते निव्वळ कृतज्ञतेपोटी. परतीच्या वाटेवर बायकोचं मन रमवायला म्हणालो, "अगं, किती जीव लावतात बघ. आपल्यासाठी काकू पूजासुद्धा लवकर आटोपतात. एरवी म्हणे दहा वाजतात."

"गाडी थांबवा."

"का? काही राहिलं?"

"थांबवा आधी!" मी रस्त्याकडेला गाडी घेतली. "पूजा झाल्याशिवाय त्या खातात का काही?"

"छे! नैवेद्याआधी पाण्याशिवाय तोंडात काही नाही. माझी आईही तशीच होती."

"आणि गोळी?"

"गोळी म्हणजे काय खाणं आहे?" मी म्हणालो. अगदी सहज, आमच्या घरातल्या बायकांच्या वतीनं.

बायको माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिनं माझ्या हेल्मेटवर जोरात टपली मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

म्हणजे असं होतं. काकू पहाटे उठून नाश्त्याआधीची गोळी पाण्यासोबत घ्यायच्या. मग आंघोळ, फुलं, देव, पोथी. नाश्ता दहानंतर. इतका वेळ पोटात फक्त ती गोळी, साखर खाली ओढत बसलेली. आणि ज्या दिवशी डॉक्टर यायची, नेमका त्याच दिवशी देव लवकर जेवायचे आणि काकूही. आम्हाला त्या कायम बऱ्याच दिसल्या, त्याचं कारण आमचं येणंच.

"फोन करून जातो आपण, तिथेच चुकतंय," बायको म्हणाली. "उद्या न सांगता जाऊ. खात्री झाल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

न सांगता! कुणाच्या घरी सकाळी साडेआठला न सांगता जायचं, या कल्पनेनंच मला घाम फुटला. मी म्हणालो, निदान कोपऱ्यावरून एक फोन करू. ती म्हणाली, तुमचा मोबाइल माझ्याकडे द्या.

दार काकांनी उघडलं. "कोण?" त्यांनी विचारलं, आणि बायकोचा आवाज ऐकून आत ओरडले, "अगं, डॉक्टर आलीय!"

आम्ही आत गेलो. काकू देव्हाऱ्यापुढे पाटावर बसल्या होत्या. जुनं विटकं पातळ, केस ओले, कपाळावर घाम. चंदन उगाळणारा हात थरथरत होता. बायकोकडे पाहून त्या रागावल्या, पण तो रागही कुठून तरी लांबून आल्यासारखा.

"अशी का येऊन राहिली गं न सांगता? घर पाहा कसं आहे..."

बायको तिथेच जमिनीवर बसली. बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि मला म्हणाली, "साखर आणा." स्वयंपाकघरातला डबान्‌डबा मला पाठ होता, त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

"तोंडात टाका काकू."

"नैवेद्य व्हायचाय अजून." शुद्ध धड जाग्यावर नाही, पण हे बरोबर आठवत होतं.

दुसरी कुणी डॉक्टर असती तर ओरडली असती. बायकोनं साखरेची वाटी उचलली, देवापुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले.

"झाला नैवेद्य."

काकूंनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. "आंघोळ केलीस?"

"केली."

"मग दे."

थोड्या वेळानं घाम सुकला, हात स्थिर झाला. काकूंचा पहिला पूर्ण शुद्धीतला शब्द होता, "आणि जावईबापूंना चहा?" काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "आवाज आला हिचा नीट." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, कशासाठी कोण जाणे.

बायकोनं ती गोळी बंद करून दुसरी दिली. देवाशी बोलणी काकूंनी स्वतः केली. उठल्याबरोबर देवाला दूध-साखर, मग प्रसाद, मग गोळी. मोठी पूजा सावकाश दहाला.

मुलगा ठरल्याप्रमाणे दिवाळीला आला, तो सामान बांधायच्या तयारीनंच. बायको त्याला म्हणाली, "मी काही सांगत नाही. तू सकाळी लवकर उठ आणि आईसोबत बस." तो रोज उठून बसला. काकूंना चक्कर आली नाही. उलट त्यांनी त्यालाच फुलं तोडायला लावलं आणि वर ऐकवलं की बंगळुरूला राहून हात जड झालेत.

जायच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. रिकाम्या खोक्यांची चळत भिंतीशी तशीच होती. गेटपाशी तो बायकोला म्हणाला, "ताई, मला भीती आईच्या चक्करेची नव्हती. कुणाला कळणारच नाही, याची होती. तुम्ही येत राहाल ना?"

"येईन की."

"कधी येता? म्हणजे मी त्या दिवशी फोन करत जाईन."

"ते नाही सांगायची," बायको म्हणाली, "अगदी तुलासुद्धा."

तो हसला आणि गाडीत बसला. एकटाच. गाडी वळली तशी शेजारच्या भाभींनी कुंपणावरून विचारलं, "अरे, आप लोग नहीं गए?"

काकांचा हात आपल्या हातात घेत काकू ठसक्यात म्हणाल्या, "हम क्यों जाएँगे? हमारी डॉक्टर घर आती है!"

बायको बॅगेच्या चेनशी उगीच खटपट करत होती. मी मात्र भाभींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मेरी पत्नी हैं।"